अकरावा नियम

"हात पुढं कर," मी म्हणाले.

"आत्ती, पुरे आता. आग व्हायला लागलीय."

"नखाच्या कडेला अजून काळं आहे. कर पुढं."

कस्तुरीनं हात पुढं केला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. शनिवारची संध्याकाळ होती, मे महिन्यातली. परसात मोरीच्या दगडावर आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. माझ्याजवळ चाळलेली राख होती, लिंबाच्या फोडी होत्या, नारळाचा काथ्या होता आणि पाय घासायची वजरी होती. राखेत लिंबू बुडवायचं, बोटावर फिरवायचं, वरून काथ्या. काथ्यानं जात नाही तिथं वजरी. काळी साल पापुद्र्यासारखी निघत होती. मला ते बघून बरं वाटत होतं.

"उद्या तिथं मोठ्या घरच्या पोरी येतील," मी म्हणाले. "तुझे हात बघून कुणी नाक मुरडायला नको."

"तिथं हात बघत न्हाईत आत्ती. डोकं बघतात."

"दोन्ही बघतात. तूच सकाळी वाचायला लावलंस की."

कस्तुरी माझ्या भावाची पोरगी. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. भाऊ गोव्याला एका हॉटेलात आचारी होता, तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. माझा नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं; मी माहेरी परत आले होते आणि नावही माहेरचंच लावत होते. तेव्हा आमच्या आजऱ्याजवळच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी एकसष्ट वर्षांची, ती अठराची. मी काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायची. त्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

ज्यांनी काजू फक्त खाल्लाय त्यांना सांगायला हवं. त्या टरफलात एक तेल असतं. ते हाताला लागलं की आधी काळं पडतं, मग भाजल्यासारखं होऊन कातडं सोलून निघतं. बायका एरंडेल आणि राख लावून बसतात, तरी ते लागायचं तेवढं लागतंच. मालक हातमोजे देतो. पण मोजे घातले की बोटं आंधळी होतात, गर तुटतो आणि मुकादम ओरडतो. म्हणून मोजे खुंटीला आणि बायका कामाला. कस्तुरीला मी कधी काजूला हात लावू दिला नव्हता. लहानपणी कारखान्यात डबा घेऊन आली तरी तिला मी दारातून परत पाठवायची.

पण आदल्या आठवड्यात मला ताप भरला. तीन दिवस जागा रिकामी राहिली की मुकादम तिथं दुसरी बाई बसवतो, अशी आमच्याकडं रीत होती. मी अंथरुणात ग्लानीत, आणि ही पोरगी मला न विचारता जाऊन माझ्या जागेवर बसली. चार दिवस. पाचव्या दिवशी मी डोळे नीट उघडले तर हिचे हात कोळशासारखे.

"अगं, परीक्षा आठवड्यावर आलीय तुझी," मी म्हणाले होते.

"रात्री केला की अभ्यास. आणि तुझी जागा गेली असती तर?"

तिची परीक्षा साधी नव्हती. दूर कर्नाटकात एक मोठं विद्यापीठ होतं, विज्ञानाचं. देशभरातून पोरं अर्ज करायची आणि घ्यायचे फक्त चाळीस. बारावीला कितीही मार्क असोत, तिथं त्यांच्याच परीक्षेचे गुण बघत. ती परीक्षा उभ्या आयुष्यात दोनदाच देता येई, बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या. एकदा निवड झाली की राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचं. तालुक्याच्या कॉलेजातल्या मोमीन सरांनी हिला हे सांगितलं, त्यांनीच जानेवारीत तिचा अर्ज भरून घेतला. परवा तेच नियमांचा कागद घेऊन घरी आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "मावशी, गणितात ही पास होईल, त्याची काळजी नाही. पोरं नापास होतात ती दारातच. कुणाच्या कानात डूल राहतो, कुणाचा फोटो जुना असतो. नियम दोनदा वाचा."

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही वाचायला बसलो. एकदा तिनं वाचलं. मग कागद माझ्या पुढ्यात सरकवला. "आता तू वाच. तुझीपण परीक्षा."

मला अक्षरं तिनंच शिकवली. ती तिसरीत होती, मी बावन्नची. तिच्या पाटीवर, कोळशानं जमिनीवर, पिठाच्या परातीत. बावन्न वर्षं मी अंगठा देत आले होते. सोसायटीत, बँकेत, ग्रामसभेत शाईची डबी पुढं आली की बाजूच्या बायका बघतायत का ते आधी बघायची. ज्या दिवशी पहिल्यांदा सही केली, त्या दिवशी बँकेतून घरापर्यंत चालत आले. एसटीत बसायचं सुचलंच नाही.

तर मी वाचत गेले, बोट अक्षराखाली धरून. पाण्याची बाटली पारदर्शक असावी. घड्याळ नको. बूट नकोत, चप्पल चालेल. कस्तुरी भिंतीला टेकून ऐकत होती. मी अडखळले की नुसती हसायची, सांगायची नाही.

"नि-यम अक-रा," मी वाचलं. "उमेद-वाराच्या हा-तावर मेंदी, शाई किंवा कोण-त्याही प्रका-रचा डाग नसावा."

मी थांबले. तिच्या हातांकडं बघितलं. तिनंही बघितलं.

"हा काय मेंदीचा डाग न्हाई," ती म्हणाली.

"कोणत्याही प्रकारचा, असं लिहिलंय. मी वाचलंय बरोबर?"

"वाचलंयस बरोबर. मगाशी माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"मग?"

"मग काय. जाईल दोन साबणांनी. पुढं वाच."

पुढं बारावा होता. जानेवारीत घेतलेले बोटांचे ठसे दारात पुन्हा जुळवून बघतील.

"ते मी दिलेत जानेवारीत," ती म्हणाली. "काचेवर बोट ठेवायचं, बास."

"मग झालं तर," मी म्हणाले, आणि तेराव्याकडं वळले.

दोन साबणांनी काही गेलं नाही. म्हणून संध्याकाळी राख, लिंबू, काथ्या, वजरी. मी जीव लावून घासलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा फुंकर घातली आणि पुन्हा घासलं. शेवटी चुन्याची निवळी लावली, खोबरेल चोळलं. दहाच्या दहा बोटं तान्ह्या पोराच्या टाचेसारखी गुलाबी निघाली. मी ती दिव्याजवळ नेऊन उलटसुलट करून बघितली. कुठं म्हणून डाग नव्हता.

सकाळी साडेपाचची पहिली एसटी पकडली. गडहिंग्लज गेल्यावर कस्तुरीनं पिशवीतून वह्यांचं बाड काढलं आणि पान उलटायला लागली. दोन-तीनदा तिचं बोट नुसतंच घसरलं. तिनं ते जिभेला लावलं, पुन्हा उलटून बघितलं.

"कागद बोटाला धरत न्हाई गं आत्ती. साबणाच्या वडीगत झालंय."

"कातडी नवीन आहे म्हणून. दे, मी उलटते." पण माझीही बोटं तशीच. काजूवाल्या बायकांना पान उलटणं कधी जमत नाही. आम्ही दोघी हसलो. शेवटी पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागं वळून एकेक पान सुटं करून दिलं आणि विचारलं, "पेपर कुणाचा आहे, दोघींचा?"

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरच्या बाहेर एका कॉलेजात होतं. आम्ही पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. दहाला दार बंद, अकराला पेपर. दारासमोर रांग होती आणि आईबापांसाठी लांबवर दोरी बांधली होती. रखवालदार मला म्हणाला, "आज्जी, तुम्ही इकडं. का बसताय पेपरला?"

"बसवलं तर बसेन. वाचता येतंय मला."

"मग माझ्या जागी बसा," तो म्हणाला, "मला न्हाई येत." आजूबाजूचे हसले. कस्तुरी रांगेतून मागं वळून हसली. ते तिचं हसणं मला अजून दिसतं, कारण त्या दिवसातलं ते शेवटचं.

दाराच्या आतच मांडवाखाली चार टेबलं होती. प्रत्येकावर संगणक आणि शेजारी काडेपेटीएवढं यंत्र, वर काच. पोरं कागद दाखवायची, काचेवर अंगठा ठेवायची, हिरवा दिवा लागायचा, पुढं. एकेकाला अर्धा मिनिट लागत नव्हतं. दोरीपासून मांडव दहा-बारा पावलांवर होता, सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

कस्तुरीनं अंगठा ठेवला. दिवा लाल.

"पुसून ठेवा," टेबलावरचा मुलगा म्हणाला.

तिनं ओढणीला पुसून ठेवला. लाल.

"दाबून ठेवा. दुसरा अंगठा ठेवा. आता हे बोट."

लाल. लाल. त्यानं काच पुसली, तिची बोटं ओल्या कागदानं पुसली, स्वतः तिचा अंगठा धरून दाबला. मागची रांग दुसऱ्या टेबलाकडं सरकली. मी मनात म्हणत होते, यंत्र बिघडलं असेल. तेवढ्यात त्याच टेबलावर दुसऱ्या पोरानं अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा लागला.

"मॅडम," त्या मुलानं हाक मारली. "इकडं या जरा."

केंद्राच्या मुख्य बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीनं गळ्यात. त्यांनी कागदावरचा फोटो बघितला, मग कस्तुरीला. मागोमाग एक पोलीस आला.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

"कस्तुरी येसणे."

"जन्मतारीख?"

तिनं सांगितली.

"जानेवारीत ठसे कुणी दिले होते?"

"मी."

"मग आता जुळत का नाहीत?"

पोलीस म्हणाला, "मॅडम, मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका परीक्षेला दोन डमी सापडले ना. बोटांना काहीतरी चोळूनच आले होते."

तोतया हा शब्द मला माहीत होता, डमी हा तिथं कळला. माझी पोरगी स्वतःच्या नावाची चोर ठरत होती. मी दोरीखालून वाकून आत गेले. रखवालदारानं हात आडवा घातला, पण माझं तोंड बघून तो बाजूला झाला.

"मी आत्ती तिची," मी म्हणाले. "तिला मी वाढवलंय. ती तीच आहे."

"बाई, तुम्ही म्हणता म्हणून होत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी कस्तुरीचे हात हातात घेतले, चष्मा लावला आणि बोटं जवळ नेऊन बघितली. "हे काय झालंय हातांना?"

"काजू फोडले चार दिवस," कस्तुरी म्हणाली.

"काजूनं हात काळे होतात. हे तर सोललेत. काल काय केलंस?"

कस्तुरीनं हात सोडवून घेतले. तिनं माझं नाव घेतलं नाही. घेणार नाही हे मला कळलं.

"मी घासले," मी म्हणाले. "राखेनं, वजरीनं. तुमच्या नियमात आहे म्हणून."

"कुठल्या नियमात?"

"अकराव्या. हातावर मेंदी, शाई किंवा कोणत्याही प्रकारचा डाग नसावा." मला तो पाठ झाला होता. "मी स्वतः वाचलाय."

मॅडमनी कस्तुरीच्या हातातला कागद घेतला. अकरावा वाचला. मग त्यांची नजर एक ओळ खाली गेली.

"बाई," त्या हळू म्हणाल्या, "तो नियम ठसे नीट उठावेत म्हणून आहे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. अकरावा आणि बारावा खालीवर होते. दोन्ही मीच वाचले होते, एकामागून एक, बोट धरून. ज्या रेघा त्यांना बघायच्या होत्या त्याच मी काल काथ्यानं काढून मोरीत सोडल्या होत्या. राहिलेल्या वजरीनं.

"माझा बघा," मी म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही. त्यांना काजू म्हणजे काय ते दाखवायचं होतं बहुतेक. मी माझा अंगठा त्या काचेवर ठेवला. टेबलावरच्या मुलानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, यांचं तर काहीच येत नाही."

पडद्यावर नुसता पांढरा गोळा होता, पुसलेल्या पाटीसारखा. मी एकेक करून दहाही बोटं ठेवली. दहाही तशीच. बावन्न वर्षं मी जो अंगठा देत आले, तो काजूनं कधीच खाऊन टाकला होता. कागदावर काळा ठिपका उठायचा आणि कुणी वाकून बघायचं नाही. तेव्हा आमच्या रेशनच्या दुकानात यंत्र आलं नव्हतं, नाहीतर मला हे आधी कळलं असतं.

पोलिसानं टोपी काढून डोकं पुसलं. मॅडम बाजूला जाऊन फोनवर बोलल्या. मग पुन्हा एकदा बोलल्या, जास्त वेळ. "मी स्वतः बघतेय, ती मुलगी खरी आहे," असं त्यांनी दोनदा म्हटलेलं मी ऐकलं. परत आल्या तेव्हा घड्याळात दहाला दोन मिनिटं होती.

"वरून नकार आहे," त्या म्हणाल्या. "ठसा जुळल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका, असा आदेश आहे. मागच्या आठवड्यापासून."

"फोटो बघा की," कस्तुरी म्हणाली. "मला आत्ता गणितं घाला. इथंच. कुठलीही घाला."

"बाळ, माझ्या हातात नाही."

दार बंद झालं. मोठं लोखंडी दार होतं, दोन माणसांनी ओढलं. आम्ही दाराच्या आत होतो आणि तरी बाहेर होतो.

"ही एक संधी गेली का?" मी विचारलं. "दोनच असतात."

"तेच सांगते. आजची खेप धरू नये असा अर्ज करता येतो. कारण लिहून द्यावं लागेल. ती अठराची असली तरी पालकाचं निवेदन हवं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मान्य करतील की नाही, मी सांगू शकत नाही."

त्यांनी कोरा कागद दिला. पोलिसानं मला खुर्ची दिली. बिचाऱ्यानं चांगुलपणानंच खिशातनं शाईची डबी काढली आणि म्हणाला, "आज्जी, पोरगी लिहील, तुम्ही खाली अंगठा द्या. लवकर होईल." मग त्याचं लक्ष माझ्या अंगठ्याकडं गेलं. डबी खिशात परत गेली आणि त्यानं पेन पुढं केलं.

नाव सोडून मी तोवर स्वतःच्या मनानं काही लिहिलं नव्हतं. तिथं लिहिलं. आत घंटा झाली, पेपर सुरू झाला, आणि मी लिहीत होते. कस्तुरी शेजारी उभी होती. एका ठिकाणी मी अडले, "दोषातला ष कसा गं?" तिनं टेबलावर गुळगुळीत बोटानं काढून दाखवला. टेबलावर काच बसवलेली होती, बोट सरकन फिरलं.

मी लिहिलं ते एवढंच होतं. मी शेवंता धोंडी येसणे. कस्तुरीचे हात मी घासले. नियम वाचून घासले. तिचा दोष नाही. ती तीच आहे.

खाली सही केली. पाऊण तास लागला.

मॅडमनी तो वाचला, घडी घातली नाही, सरळ एका फायलीत ठेवला. म्हणाल्या, "चहा घेऊन जा." आम्ही घेतला नाही.

स्टँडवर आजऱ्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. मी मोठ्यानं रडले नाही, पण हात मांडीखाली दाबून बसले होते. मला ते बघायचे नव्हते.

"मला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले. "काळ्या हातांनी गेली असतीस. निदान..."

"आत्ती," ती म्हणाली, "तू वाचलंस ते बरोबर होतं."

तेवढंच. त्यानंतर आजऱ्यापर्यंत ती बोलली नाही. मला वाटतं, तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले असते.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही. जागा गेली तर जाऊ दे म्हटलं, आणि ती गेली. बाजारात जाऊन शाईची एक डबी विकत आणली. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्ही तर सही करता ना?" मी म्हणाले, "पोरीसाठी हवीय."

मी जिच्यावर अक्षरं गिरवली ती जुनी वही काढली. दर सोमवारी दुपारी कस्तुरीचा अंगठा शाईत बुडवायचा आणि वहीच्या रिकाम्या जागेत उठवायचा. पहिल्या सोमवारी नुसता काळा डाग. दुसऱ्या सोमवारी तोच. तिसऱ्या सोमवारी कडेला दोन बारीक रेघा, एखाद्या मुंगीनं ओढल्यासारख्या. मोमीन सर येऊन भिंग देऊन गेले. चौथ्याला मधेच एक अर्धं वेटोळं. आम्ही ते खिडकीत नेऊन बघायचो. ती रेघा मोजायची आणि मी आकडा लिहून ठेवायची. त्या काळात मी तिला भांडी घासू दिली नाहीत, कपडे पिळू दिले नाहीत. ती चिडायची, "मला काय काचेचं केलंयस?"

बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आदल्या दिवशी पूर्ण ठसा उठला. सगळी वेटोळी, मधला भोवरा, सगळं. कस्तुरी बराच वेळ भिंगातून बघत बसली. विद्यापीठाचं पत्र त्यानंतर महिन्यानं आलं, ती खेप धरलेली नाही असं. पुढच्या मे महिन्यात तोच मांडव, तेच टेबल, आणि हिरवा दिवा लागला. चाळिसांत ती एकोणिसावी आली. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी, बेंदराच्या आदल्या दिवशी, तिनं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता तुझा."

"माझ्यात काय बघायचंय? तिथं दहा बोटांनी बघितलं की."

"दे तर खरं."

मी अंगठा शाईत बुडवला आणि तिच्या ठशाशेजारी ठेवला. तिचा वेटोळ्यांनी भरलेला, माझा नुसता काळा ठिपका, कुणाचाही असावा तसा. तिनं स्वतःच्या ठशाखाली काही लिहिलं नाही. पेन माझ्या हातात दिलं.

मग मी त्या ठिपक्याखाली माझं नाव लिहिलं.